वाढलेले एनटी-प्रोबीएनपी : हृदयाचे संरक्षण की हृदयाची तक्रार?

आपण दिलेली माहिती अशी आहे. वडिलांचे वय 64 आहे. बारा वर्षांपासून उच्च रक्तदाब असून टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन या दोन गोळ्या चालू आहेत, तरी घरच्या यंत्रावर रक्तदाब 150/90 च्या आसपास येतो. इको तपासणीत डाव्या निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत 13 मिलिमीटर जाड आढळली, डावे अलिंद, म्हणजे वरचा डावा कप्पा, किंचित मोठे दिसले, पंपिंग मात्र 60 टक्के, म्हणजे चांगले आहे. धाप किंवा सूज नाही. रक्तातील एनटी-प्रोबीएनपी 410 आले, आणि डॉक्टरांनी समजावून सांगितले की हे हृदयानेच स्वतःच्या रक्षणासाठी सोडलेल्या पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) संप्रेरकाशी संबंधित आहे. त्यावर आपले तीन प्रश्न आहेत : संरक्षक द्रव्य वाढले असेल तर काळजी कशाची करायची, ते बाहेरून इंजेक्शनने का देत नाहीत, आणि एका नातेवाइकांनी सुचवलेली सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन ही गोळी वडिलांना सुरू करावी का.

हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे मला वाटते. वाढलेल्या दाबाविरुद्ध हृदय स्वतःची एक यंत्रणा उभी करते. ती यंत्रणा खरी आहे, उपयोगी आहे, आणि तरीही बहुतेक रुग्णांत अपुरी पडते. ती कोठे अपुरी पडते हे कळले की 410 या आकड्याचा अर्थही लागतो आणि गोळीबाबतचा निर्णयही बराचसा सुटतो. मी हृदयरोगाची प्रॅक्टिस करतो आणि अशा स्वरूपाचे रिपोर्ट जवळजवळ रोज पाहतो. परंतु वडिलांना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे येथे मी विचारांची दिशा सांगू शकतो, औषधाची चिठ्ठी नव्हे. क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि ईसीजी यांची माहिती आपण दिलेली नाही, आणि पुढील काही विधाने त्यांवर अवलंबून आहेत.

प्रथम हे संप्रेरक काय आहे ते पाहू. हृदय हा केवळ पंप नसून तो एक अंतःस्रावी अवयवही आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार उशिरा कळली. अलिंदांच्या पेशींत स्राव साठवणाऱ्या ग्रंथींत दिसतात तसे कण असतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 1956 मध्येच दिसले होते, पण ते कशासाठी आहेत हे पंचवीस वर्षे कोणाला सांगता आले नाही. 1981 मध्ये कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो द बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला, तेव्हा काही मिनिटांत लघवीतून जाणारे सोडियम तीस पटींहून अधिक आणि लघवीचे प्रमाण दहा पट वाढले. निलयांच्या अर्काने असे काही झाले नाही. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे एएनपी, अठ्ठावीस अमिनो आम्लांची एक साखळी. 1988 मध्ये जपानमधील मियाझाकी येथील संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याचे भावंड सापडले. त्याचे नाव बीएनपी, त्यात बत्तीस अमिनो आम्ले असतात, आणि मेंदूत सापडल्यामुळे नावात मेंदू आला असला तरी माणसात त्याचा मुख्य कारखाना हृदयाची निलये हाच आहे. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की पेशी 108 अमिनो आम्लांचे प्रोबीएनपी तयार करतात. ते तुटून एक सक्रिय तुकडा, बीएनपी, आणि एक निष्क्रिय तुकडा, एनटी-प्रोबीएनपी, असे दोन भाग होतात. वडिलांच्या रिपोर्टमध्ये मोजला आहे तो दुसरा, निष्क्रिय तुकडा. तो स्वतः कोणाचेही रक्षण करत नाही. कारखाना किती जोरात चालू आहे, एवढेच तो सांगतो.

सक्रिय पेप्टाइडे मात्र अनेक ठिकाणी काम करतात. पेशींच्या पृष्ठभागावरील एनपीआर-ए नावाच्या रिसेप्टरला ती जोडली जातात आणि पेशीच्या आत सीजीएमपी हे संदेशवाहक द्रव्य वाढते. त्यामुळे मूत्रपिंड जास्त सोडियम आणि पाणी बाहेर टाकते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब चढवणाऱ्या रेनिन आणि अल्डोस्टेरॉन यांचा स्राव दबतो आणि सिंपॅथेटिक मज्जासंस्थेचा जोर कमी होतो. थोडक्यात, रक्तातील द्रव आणि वाहिन्यांतील आवळ हे दोन्ही कमी करून हृदयावरचा भार उतरवणे, हा या संप्रेरकांचा पहिला उपयोग. येथपर्यंतची माहिती बहुतेक लेखांत सापडते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो दुसरा उपयोग, आणि तो दाबाशी थेट संबंधित नाही. उच्च रक्तदाबात हृदयाचे नुकसान दोन प्रकारे होते. एक म्हणजे स्नायुपेशी जाड होतात. दुसरे म्हणजे पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजनचे तंतू साचतात. यालाच आम्ही फायब्रोसिस म्हणतो. जाडी काही काळ उपयोगी पडते, पण तंतुमय झालेले हृदय सैल होऊन रक्ताने भरून घेऊ शकत नाही, आणि पंपिंग 60 टक्के असतानाही पुढे धाप लागण्याचे, अलिंद मोठे होण्याचे आणि अलिंदातील अनियमित ठोक्यांचे मूळ बरेचदा येथे असते. एएनपी आणि बीएनपी या दोन्ही प्रक्रियांना हृदयातल्या हृदयात आवर घालतात, तेही रक्तदाब कमी करण्याचा वळसा न घेता.

हे विधान अंदाजाने केलेले नाही. यामागे उंदरांवरचे अत्यंत नेटके प्रयोग आहेत. 1997 मध्ये एनपीआर-ए रिसेप्टरचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांचा रक्तदाब वाढला, हृदय जाड आणि तंतुमय झाले आणि काही नर उंदीर अचानक मेले. आता येथे कोणीही शंका घेईल की हृदय जाड झाले ते केवळ दाब वाढल्यामुळे. म्हणून 2003 मध्ये दुसऱ्या एका गटाने हा रिसेप्टर फक्त हृदयाच्या स्नायुपेशींतून काढला आणि इतरत्र तसाच ठेवला. या उंदरांचा रक्तदाब वाढला नाही, उलट किंचित कमीच राहिला, तरीही हृदय जाड झाले. त्याआधी, 2000 मध्ये, केवळ बीएनपीचे जनुक नसलेल्या उंदरांत रक्तदाब सामान्य असूनही निलयांत तंतुमय डाग आढळले होते, आणि हृदयावरचा दाब मुद्दाम वाढवल्यावर ते डाग आणखी वाढले. म्हणजे एएनपी-बीएनपी ही जोडी मूत्रपिंडामार्फत दाब उतरवते ते वेगळेच, त्याशिवाय ती हृदयात राहून स्नायुपेशींना जाड होण्यापासून आणि तंतू तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना अति उत्साहापासून रोखते. पेशीच्या आत हे कसे घडते याचाही बराच उलगडा झाला आहे : सीजीएमपीमुळे सक्रिय होणारे प्रथिन किनेज-जी हे कॅल्सिन्युरिन नावाच्या, पेशीला ‘वाढ’ असा संदेश देणाऱ्या मार्गाला अडवते, आणि फायब्रोब्लास्टमध्ये तंतू वाढवणाऱ्या टीजीएफ-बीटाचा परिणाम कमी करते.

मग वडिलांच्या हृदयात ही यंत्रणा असताना भिंत 13 मिलिमीटरपर्यंत कशी गेली? माझ्या मते याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येक रुग्णात त्यांचे प्रमाण वेगळे असते.

पहिले कारण असे की सुरुवातीच्या काळात हृदय पुरेसे संप्रेरक सोडतच नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीमधील रहिवाशांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला याबाबतीत फार बोलका वाटतो. रक्तदाब थोडा किंवा मध्यम वाढलेल्या लोकांत एएनपी आणि बीएनपी अपेक्षेप्रमाणे वाढलेले आढळले नाहीत. ती ठळकपणे वाढलेली दिसली ती रक्तदाब बराच जास्त असलेल्या गटात. याचा अर्थ ज्या वर्षांत संरक्षणाची खरी गरज असते, आणि रुग्णाला काहीच त्रास नसल्यामुळे गोळ्याही वेळच्या वेळी घेतल्या जात नाहीत, त्याच वर्षांत ही यंत्रणा थंड असते. यात वजनाची भर पडते. स्थूल व्यक्तींच्या रक्तात ही पेप्टाइडे सडपातळ व्यक्तींपेक्षा कमी असतात, हे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासातून 2004 मध्ये स्पष्ट झाले. चरबीच्या पेशींवर एनपीआर-सी हा रिसेप्टर भरपूर असतो आणि त्याचे मुख्य काम ही पेप्टाइडे रक्तातून उचलून नष्ट करणे हे आहे. पोट सुटलेल्या माणसाचा रक्तदाब मिठाने का चढतो, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे.

दुसरे कारण आयुष्याचे. एएनपी रक्तात दोन-तीन मिनिटे टिकते, बीएनपी सुमारे वीस मिनिटे. एनपीआर-सी त्यांना गिळतो आणि नेप्रिलायसिन नावाचे विकर त्यांना कापते. तिसरे कारण दर्जाचे : आजार पुढे सरकतो तसे रक्तात पूर्ण न कापलेले, कच्चे प्रोबीएनपी जास्त दिसू लागते, ज्याची ताकद पक्क्या बीएनपीपेक्षा बरीच कमी असते. शिवाय रिसेप्टरही दीर्घकाळच्या माऱ्याने मंदावतात. चौथे कारण प्रतिपक्षाचे. पेप्टाइड म्हटले की ते हितकारकच, असा समज अलीकडे जाहिरातींमुळे पसरला आहे. प्रत्यक्षात रक्तदाब चढवणारे आणि हृदय तंतुमय करणारे अँजिओटेन्सिन-2 हेही पेप्टाइडच आहे, अवघ्या आठ अमिनो आम्लांचे, आणि रक्तवाहिन्या सर्वाधिक जोराने आवळणाऱ्या द्रव्यांपैकी एक असलेले एंडोथेलिन हेही पेप्टाइडच. बारा वर्षे रक्तदाब चढा राहिलेल्या शरीरात या दुसऱ्या गटाचे पारडे जड झालेले असते.

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे निघते की संप्रेरक चांगले आहे, पण त्याचा वाढलेला आकडा ही चांगली बातमी नाही. धाप नसलेल्या, घरून चालत तपासणीला आलेल्या माणसात एनटी-प्रोबीएनपीची 125 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा साधारणपणे धरली जाते. 410 हे त्याहून स्पष्टपणे जास्त आहे. मात्र हा आकडा एकटा वाचू नये. वयानुसार तो वाढतो. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर वाढतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदातील अनियमित ठोके, असेल तर बराच वाढतो, म्हणून ईसीजी पाहिल्याशिवाय मी या आकड्यावर मत देत नाही. अटेनोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर चालू असला तरी थोडा वाढू शकतो. उलट स्थूल माणसात तो फसवा कमी येतो. वडिलांचे वजन आपण 84 किलो लिहिले आहे, उंची लिहिलेली नाही, पण ते स्थूल गटात मोडत असतील तर त्यांच्या 410 ला मी सडपातळ माणसाच्या 410 पेक्षा अधिक गंभीरपणे घेईन. इकोमधील जाड भिंत आणि मोठे अलिंद यांच्यासोबत हा आकडा आला असल्यामुळे, मूत्रपिंड आणि ठोके ठीक असतील तर, वडिलांना हृदयविकलता, म्हणजे हार्ट फेल्युअर, झालेली नसून त्या दिशेचा रस्ता सुरू झाला आहे, असे मी म्हणेन. हल्लीच्या वर्गीकरणात या टप्प्याला ‘प्री-हार्ट फेल्युअर’ म्हणतात.

हा टप्पा वेळीच कळण्याचा फायदा होतो, याला पुरावा आहे. आयर्लंडमध्ये स्टॉप-एचएफ नावाच्या चाचणीत रक्तदाब, मधुमेह यांसारखे धोके असलेल्या 1,374 लोकांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटात बीएनपी 50 पेक्षा जास्त आलेल्यांना इको आणि हृदयरोगतज्ज्ञांची देखरेख मिळाली, दुसऱ्या गटात नेहमीचे उपचार चालू राहिले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात डाव्या निलयाचे बिघाड आणि हृदयविकलता मिळून कमी आढळली. लक्षात घेण्यासारखे हे की त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. आकडा पाहून लक्ष कोणाकडे द्यायचे एवढे ठरले, आणि लक्ष दिल्याने फरक पडला.

आता इंजेक्शनविषयी. हा प्रश्न भाबडा नाही; मोठमोठ्या कंपन्यांनी आणि संशोधकांनी नेमका हाच विचार केला होता. प्रयोगशाळेत तयार केलेले बीएनपी, नेसिरिटाइड या नावाने, अमेरिकेत 2001 मध्ये तीव्र हृदयविकलतेसाठी मंजूर झाले. त्यानंतर 7,141 रुग्णांवर झालेल्या असेंड-एचएफ या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले : मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही, आणि रक्तदाब नको तितका उतरण्याचे प्रमाण मात्र वाढले. युलारिटाइड या दुसऱ्या भावंडाचेही 2017 मध्ये असेच झाले. कारणे वर आलेली आहेत. जे द्रव्य काही मिनिटांत नष्ट होते ते शिरेतून सतत चालू ठेवावे लागते, म्हणजे रुग्णालयात, एक-दोन दिवस. आणि वर्षानुवर्षे चाललेली जाडी व तंतुमयता एक-दोन दिवसांच्या सलाइनने मागे फिरत नाही. शिवाय हृदय हे संप्रेरक जेथे ताण आहे तेथे, ताणाच्या प्रमाणात सोडते; शिरेतून दिलेला मारा सर्व शरीरावर एकदम होतो आणि रक्तदाब कोसळतो. दीर्घकाळ टिकणारी बदललेली पेप्टाइडे आणि एनपीआर-ए रिसेप्टरला चेतवणारी प्रतिपिंडे यांवर सध्या माणसांवर चाचण्या चालू आहेत आणि मला त्यांच्याकडून आशा आहे, पण आज ओपीडीत लिहून देता येईल असे त्यातले काही नाही. इंटरनेटवर ‘पेप्टाइड थेरपी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुप्यांचा या विषयाशी काहीही संबंध नाही. त्या घरात आणू नयेत, एवढेच सांगतो.

बाहेरून ओतण्याऐवजी आतले टिकवावे, हा पुढचा विचार होता. गळक्या टाकीत बादल्या ओतत राहण्यापेक्षा गळती कमी करावी, तसा. नेप्रिलायसिनला अडवले तर हृदयाने स्वतः सोडलेली पेप्टाइडे जास्त वेळ टिकतील. परंतु नेप्रिलायसिन केवळ हितकारक पेप्टाइडेच कापत नाही, ते अँजिओटेन्सिन-2 आणि वाहिन्या सैलावणारे, पण सूजही आणू शकणारे ब्रॅडिकायनिनही कापते. त्याला एकट्याला अडवले तर अँजिओटेन्सिनही वाढते आणि फायदा वाया जातो. म्हणून नेप्रिलायसिन आणि एसीई (अँजिओटेन्सिन-2 तयार करणारे विकर) ही दोन्ही विकरे एकाच गोळीने अडवणारे ओमापॅट्रिलॅट तयार झाले. ते रक्तदाब फार चांगला उतरवत असे, पण ब्रॅडिकायनिन कापणारे दोन्ही रस्ते बंद झाल्यामुळे चेहरा, जीभ आणि घसा सुजण्याचा त्रास, म्हणजे अँजिओएडिमा, 25,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत तुलनेच्या, फक्त एसीईला अडवणाऱ्या एनॅलाप्रिलपेक्षा सुमारे तिपटीने आढळला, आणि औषध बाजारात आले नाही. त्यातून शिकून सॅक्युबिट्रिलची जोडी एसीई इनहिबिटरऐवजी व्हलसार्टनशी लावली गेली, जे अँजिओटेन्सिनचा परिणाम रिसेप्टरपाशी रोखते आणि ब्रॅडिकायनिनला हात लावत नाही.

या गोळीचे यश कोठे सिद्ध झाले हे नीट पाहायला हवे, कारण नातेवाइकांच्या सल्ल्यात नेमका हाच तपशील गळतो. 2014 मधील पॅराडाइम-एचएफ चाचणीत पंपिंग कमी झालेल्या, म्हणजे 40 टक्के किंवा त्याखालच्या, 8,000 हून अधिक रुग्णांत एनॅलाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकलतेसाठी दाखल होणे हे 26.5 टक्क्यांवरून 21.8 टक्क्यांवर आले. हा मोठा फायदा आहे आणि अशा रुग्णांना मी ही गोळी मोकळ्या मनाने देतो. पंपिंग 45 टक्के किंवा अधिक असलेल्या हृदयविकलतेच्या रुग्णांवरील पॅरागॉन-एचएफ या चाचणीत, 2019 मध्ये, मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला. ज्यांचे पंपिंग सामान्यापेक्षा थोडे कमी होते त्यांत फायदा अधिक दिसला. आपल्या वडिलांना हृदयविकलता नाही आणि पंपिंग 60 टक्के आहे. म्हणजे या दोन्ही चाचण्या त्यांच्यासारख्या माणसावर झालेल्या नाहीत.

त्यांच्या जवळ जाणारा पुरावा लहान आहे आणि तो एकाच दिशेला बोट दाखवत नाही. उच्च रक्तदाबाच्या 114 रुग्णांवर एमआरआय वापरून केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनने 52 आठवड्यांत डाव्या निलयाचे वजन टेल्मिसार्टनच्याच गटातील ओल्मेसार्टनपेक्षा अधिक घटवले, आणि रक्तदाबातील फरक हिशेबात धरल्यावरही हा लाभ टिकून राहिला. उंदरांत दिसलेला दाबापलीकडचा परिणाम माणसातही असावा, असे यावरून म्हणता येते. जपानमध्ये 2021 पासून ही गोळी साध्या उच्च रक्तदाबासाठीही मंजूर आहे. दुसरीकडे, आयर्लंडमधील पॅरेबल नावाच्या चाचणीत, वडिलांसारख्याच, लक्षणे नसलेल्या पण पेप्टाइडे वाढलेल्या 250 लोकांत या गोळीची तुलना नुसत्या व्हलसार्टनशी केली गेली. 2023 च्या निष्कर्षांत एनटी-प्रोबीएनपी घटले, पण डाव्या अलिंदाचे आकारमान कमी न होता वाढले, आणि रक्तदाब जास्त उतरण्याचा त्रासही अधिक झाला. त्या अलिंदाच्या वाढीचा अर्थ वाईटच घ्यावा का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझे मत असे की आकडा सुधारला म्हणजे हृदय सुधारले असे गृहीत धरू नये, हे या चाचणीने पुरेसे दाखवून दिले.

म्हणून वडिलांच्या बाबतीत गोळी बदलण्याआधी मी 150/90 या आकड्याकडे वळेन. खरा घोटाळा तेथे आहे. दोन औषधांवर रक्तदाब उतरत नसेल तर हृदयाला रोज मिळणारा ताणच कायम राहतो, आणि त्या ताणाखाली कोणत्याही पेप्टाइडला फारसे काही करता येत नाही. अमेरिकेतील स्प्रिंट चाचणीत, मधुमेह नसलेल्या 9,361 लोकांत, वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120 च्या खाली नेण्याचे लक्ष्य ठेवल्यावर हृदयविकलतेचे प्रमाण सुमारे 38 टक्क्यांनी कमी झाले. जाड भिंतीच्या रुग्णाला याहून मोठा आधार दुसऱ्या कोणत्या उपायाने मिळत असेल असे मला वाटत नाही. मी प्रथम गोळ्या पूर्ण मात्रेत आणि रोज घेतल्या जातात का हे विचारतो, कारण ‘आज बरे वाटते म्हणून सोडली’ हे उत्तर आमच्याकडे फार वेळा मिळते. नंतर गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, घोरणे आणि दिवसा पेंग येणे आहे का, पोटॅशियम कमी आहे का, हे पाहतो. मग तिसरे औषध म्हणून क्लोर्थॅलिडोन किंवा इंडापामाइड जोडतो. घरी मोजलेला रक्तदाब 130/80 च्या खाली, चक्कर न येता, राहावा हे लक्ष्य असते. उभे राहिल्यावर अंधारी येत असेल तर ते सैल करावे लागते.

मिठाचा मुद्दा येथे ओघाने येतो. एएनपीचे मुख्य काम सोडियम बाहेर टाकणे हे असल्यामुळे, ज्याच्या शरीरात ही यंत्रणा अपुरी आहे त्याला मीठ अधिक बाधते. एएनपीचे जनुक नसलेल्या उंदरांचा रक्तदाब मिठाच्या आहाराने चढतो हे 1995 मध्येच दाखवले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक छोटा सपाट चमचा, तोही स्वयंपाकातले धरून. आपल्याकडे भाजीतले मीठ कमी करतात आणि ताटात लोणचे, पापड, चटणी, संध्याकाळी फरसाण तसेच राहते. कोकणातल्या घरांत सुके मासे असतात. माझ्या अनुभवात या वरच्या मिठाला हात घातल्याशिवाय फरक दिसत नाही. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ आणण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना विचारावे, कारण टेल्मिसार्टनसोबत, विशेषतः मूत्रपिंड कमकुवत असल्यास, पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

टेल्मिसार्टन चालू आहे ही जमेची बाजू आहे. अँजिओटेन्सिनला रोखणारी औषधे भिंतीची जाडी इतरांपेक्षा चांगली उतरवतात. 2002 मधील लाइफ चाचणीत, ईसीजीवर जाड हृदय दिसणाऱ्या 9,193 रुग्णांत, लोसार्टन आणि अटेनोलॉल यांनी रक्तदाब जवळजवळ सारखाच उतरवला, तरी लोसार्टनच्या गटात जाडी अधिक घटली आणि पक्षाघात कमी झाले. म्हणजे पेप्टाइडांच्या या झगड्यातील एका बाजूला वडील आधीच आवर घालत आहेत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-2 गटातील गोळीचा विचार मी नेप्रिलायसिनच्या गोळीआधी करेन. वजन खूप जास्त असेल तर सेमाग्लुटाइडसारखी जीएलपी-1 गटातील इंजेक्शने हा स्वतंत्र विषय आहे. तीही पेप्टाइड संप्रेरकांवरच बेतलेली आहेत, वजनासोबत रक्तदाबही थोडा उतरवतात, परंतु ती देण्याचे कारण वजन किंवा मधुमेह असते, 410 हा आकडा नव्हे.

हे सर्व करूनही रक्तदाब आटोक्यात आला नाही, किंवा पुढे धाप लागू लागली, किंवा पंपिंग घसरले, तर सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनचा विचार योग्य ठरेल. 2023 नंतर भारतात अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्याने खर्चाची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्या वेळी काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. या गोळीत व्हलसार्टन असल्यामुळे टेल्मिसार्टन बंद करावे लागते. दोन्ही एकत्र चालू राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत, कारण जुनी चिठ्ठी घरात तशीच असते. रॅमिप्रिल किंवा एनॅलाप्रिल चालू असेल तर ते थांबवून किमान 36 तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर वर सांगितलेल्या सुजेचा धोका असतो. पूर्वी कधी चेहरा-जीभ अशी सुजली असेल तर ही गोळी देतच नाहीत. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे लागते. आणखी एक खुबी : या गोळीवर असताना बीएनपी ही तपासणी करू नये, कारण बीएनपी कापले जात नसल्याने औषध उपयोगी पडत असतानाही आकडा वर जातो, एनटी-प्रोबीएनपी मात्र नेप्रिलायसिनने कापले जात नाही, त्यामुळे तेच पाहावे.

तपासणी पुन्हा कधी करावी, हेही सांगतो. दर महिन्याला करण्याचा उपयोग नाही. एकाच माणसात, काही न बदलता, हा आकडा पंचवीस-तीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, त्यामुळे 410 चे 350 झाले म्हणून आनंद किंवा 460 झाले म्हणून घबराट करण्यात अर्थ नाही. रक्तदाब सलग तीन-चार महिने आटोक्यात राहिल्यावर, त्याच प्रयोगशाळेत, एकदा करावी. इको मात्र वर्षभराने, कारण भिंतीची जाडी उतरायला तेवढा वेळ लागतोच. या काळात वडिलांचे वजन बरेच उतरले तर आकडा अपेक्षेइतका खाली येणार नाही, कदाचित किंचित वाढेलही. चरबी कमी झाल्यावर पेप्टाइडे कमी प्रमाणात नष्ट होतात, हे त्यामागचे कारण असू शकते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पुढच्या भेटीला सकाळ-संध्याकाळ बसून मोजलेल्या रक्तदाबाची आठवडाभराची वही, क्रिएटिनिन-पोटॅशियमचा रिपोर्ट आणि ताजा ईसीजी सोबत न्यावा. त्याआधीच जिना चढताना नवी धाप लागली, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडला, पायांवर सूज आली किंवा छातीत अनियमित धडधड जाणवली, तर या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.